शिफारसपत्र लिहिण्याआधी

गेल्या सेमिस्टरची गोष्ट आहे. सबमिशन्स संपली होती, ओरल्स चालू होत्या, आणि हॉस्टेलवर नेहमीप्रमाणे दिवसा झोप आणि रात्री अभ्यास असा कार्यक्रम होता. रात्री साडेदहाच्या सुमारास रेक्टर रूमचं दार वाजलं. मला वाटलं, पाणी गेलं असणार, नाहीतर मेसच्या भाजीची तक्रार असणार. (सहायक रेक्टरकडे इतक्या रात्री दुसऱ्या कारणासाठी कुणी येत नाही!) दारात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा उभा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, 'सोलापूरकर' एवढंच म्हणतो.

"सर, रेकमेंडेशन लेटर पाहिजे होतं."

"एम.एस.साठी का?"

"नाही सर. व्हॉलंटिअर म्हणून जायचंय. पूर्व आफ्रिकेत, पाणीपुरवठ्याच्या कामावर. आधी तीन आठवड्यांचं ट्रेनिंग, मग वर्षभर तिकडंच."

मी फॉर्म ठेवून घेतला आणि "बघतो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या वडिलांचा सोलापूरहून फोन. "सर, तुम्हीच समजवा की त्याला. कॅम्पसमधनं नोकरी लागलीय. बँकेचं कर्ज काढून शिकवलंय आम्ही. आता मधेच हे काय काढलं? शिकून झाल्यावर कमवायचं, का परत शिकायला बसायचं?"

मी त्यांनाही "बघतो" म्हटलं. तो फॉर्म पुढे नऊ दिवस माझ्या टेबलावर पडून होता. त्या नऊ दिवसांत जे डोक्यात आलं ते इथे लिहितोय, कारण असा फॉर्म घेऊन येणारा हा पहिला मुलगा असला तरी शेवटचा नसणार. शिवाय मी स्वतः २०१५ साली नेपाळात काही महिने हेच काम करून आलोय. ते फारसं कुणाला सांगत नाही, कारण तिथे मी केलेल्या चुका कामापेक्षा जास्त लक्षात आहेत. असो.

स्वयंसेवक म्हणजे कोण?

आमच्या डोंबिवलीत स्वयंसेवक म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने ती सुरू केली, आणि फडके रोडवर छातीला बिल्ला लावून, दोरी धरून गर्दी आवरणारी पोरं दरवर्षी दिसायला लागली. मीही दोरी धरलेली आहे. दुसरा प्रसंग २६ जुलै २००५ चा. उल्हास नदीचं आणि वालधुनीचं पाणी कल्याण, बदलापूर, उल्हासनगरच्या वस्त्यांत शिरलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या ओळखीतल्या मोठ्या मुलांनी दोन दिवस लोकांना खांद्यावरून काढलं, बिस्किटं वाटली. कुणी ट्रेनिंग दिलं होतं? कुणीच नाही. मग त्यांना जमलं कसं?

जमलं, कारण त्यांना गल्ल्या माहीत होत्या. कोणत्या चाळीत म्हातारी एकटी राहते, कुठला नाला उघडा आहे, कुणाच्या गच्चीवर जागा आहे, कुणाशी कसं बोलायचं, हे सगळं त्यांच्याकडे आधीच होतं. आपल्या गावातला स्वयंसेवक ही माहिती घेऊनच जन्माला येतो.

परदेशात गेलेल्या स्वयंसेवकाकडे नेमकी हीच गोष्ट नसते. त्याच्याकडे कौशल्य असतं, उत्साह असतो, बॅग भरलेली असते. गल्ली मात्र माहीत नसते. थोडक्यात काय, तर परदेशात जाणाऱ्याला दोन गोष्टी लागतात: एक, तिथे जवळपास मिळत नाही असं काहीतरी हाताला यावं लागतं; आणि दुसरं, गल्ली शिकायची तयारी लागते. पहिली गोष्ट कॉलेज देतं. दुसरी कुणीच देत नाही.

ट्रेनिंगमध्ये काय असतं?

आपण इंजिनिअर लोक या कामात कसे आलो तेही सांगतो. १९७९ साली मलेशियात व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीत पीटर गथ्री नावाचा एक ब्रिटिश इंजिनिअर काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर येतात, धान्य येतं, पण पाणी, रस्ते, सांडपाणी बघणारं माणूस वेळेवर मिळत नाही. १९८० साली त्याने 'रेडआर' ही संस्था काढली. अशा कामासाठी तयार इंजिनिअरांची यादी ठेवायची, ही त्यामागची कल्पना. तिची भारतातली शाखा आपल्या पुण्यातच आहे. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग त्याआधीचा, १९७१ पासूनचा. त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. तिथे पगार नसतो, राहण्याजेवण्यापुरता भत्ता असतो.

निघण्याआधीच्या ट्रेनिंगमध्ये सुरक्षेचे नियम असतात, तब्येत कशी सांभाळायची ते असतं, वायरलेसवर कसं बोलायचं, रिपोर्ट कसा लिहायचा ते असतं. आणि 'स्फिअर'चे आकडे असतात. हे आकडे सिव्हिलवाल्यांनी जरूर वाचावेत. आपण इथे पेपरात डोळे झाकून लिहितो: शहरासाठी दरडोई दिवसाला १३५ लिटर. स्फिअरच्या पुस्तकात छावणीसाठी किमान आकडा आहे १५ लिटर! एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, २० माणसांमागे एक संडास, पाण्याची जागा घरापासून ५०० मीटरच्या आत. १३५ वरून १५ वर आलं की डिझाइन बदलतंच, पण डिझाइन करणाऱ्याचा अहंकारही जरा खाली येतो.

ट्रेनिंग संपलं की सर्टिफिकेट मिळतं आणि आपल्याला वाटतं, झालो तयार. माझंही तसंच झालं होतं.

माझी फजिती

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसं गेली, लाखो घरं पडली. सिंधुपाल्चोक हा सर्वांत जास्त मार खाल्लेला जिल्हा. बी.ई. होऊन मला एक वर्ष झालं होतं. एका छोट्या गटाबरोबर ट्रेनिंग घेऊन मी तिथल्या डोंगरावरच्या एका गावात पोचलो. काम सोपं वाटत होतं: वरच्या झऱ्याचं पाणी पाइपने उताराउताराने खाली आणायचं, पंप नाही, वीज नाही.

भाषेची मला काळजी नव्हती. नेपाळी देवनागरीत लिहितात, पाट्या वाचता येत होत्या, हिंदी सगळ्यांना समजत होतं. पहिल्याच बैठकीत एक आजीबाई माझा हात धरून डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मूल सुक्यो." मला वाटलं, यांचं मूल वाळलंय, आजारी आहे. मी धावत जाऊन औषधांची पेटी आणली! सगळी बैठक माझ्याकडे बघत राहिली. नेपाळीत 'मूल' म्हणजे पाण्याचा झरा. भूकंपाने जमिनीतल्या वाटा बदलल्या होत्या आणि त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा झरा आटला होता. म्हणजे ज्या झऱ्यावर मी सगळा हिशेब करून आलो होतो तोच!

नवा झरा गावातल्याच माणसांनी दाखवला. पाइप टाकला. उंचीचा फरक जास्त होता. दर दहा मीटर उतारामागे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब वाढतो, हे आपण सगळेच पाठ करतो. तिथे ते फुटलेल्या जॉइंटच्या फवाऱ्यात प्रत्यक्ष बघितलं. मग मध्ये दाब मोडायची टाकी बांधली. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं होतं आणि पुस्तकातलं मला येत होतं.

नळ मात्र मी चुकीच्या जागी लावला. लेव्हलच्या हिशेबाने ती जागा अगदी बरोबर, पाइपही कमी लागत होता. पण ती जागा एका घराच्या अंगणाला लागून होती, आणि खालच्या वाडीतली दलित कुटुंबं त्या अंगणापर्यंत येणार नव्हती. ती पूर्वीसारखीच ओढ्यावर जात राहिली. आठवडाभर मला कळलंच नाही. मला विचारायचं सुचलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. शेवटी त्याच आजीबाईंनी एक दिवस मला ओढ्याच्या वाटेवर नेऊन नुसतं उभं केलं. घागरी घेऊन जाणाऱ्या बायका बघितल्या आणि समजलो. नळ चाळीस मीटर खाली हलवावा लागला. पाइप माझा, चूक माझी, खणायला मात्र गाव.

एका नळामागे किती माणसं हे मला पाठ होतं. कोणती माणसं, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

सोलापूरचे डॉक्टर

या नऊ दिवसांत सोलापूरकर मुलाशी दोनतीनदा बोलणं झालं. "जायचं कुठून सुचलं?" असं विचारलं तर म्हणाला, "सर, लहानपणी भैय्या चौकातनं कोटणीसांच्या घरावरनं जायचो की आम्ही." डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं सोलापूरचं घर आता स्मारक आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते माहीत असतात ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या सिनेमामुळे. मीही त्या निमित्ताने पुन्हा नीट वाचलं, आणि यावेळी माझ्या लक्षात आलं ते सिनेमातल्या शौर्यापेक्षा वेगळंच होतं.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. १९३८ साली चीनवर जपानचं आक्रमण चालू होतं आणि तिथे डॉक्टरांची फार टंचाई होती. चीनच्या आठव्या सेनेचे सेनापती झू द यांनी नेहरूंना मदत मागितली; सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी देशाला आवाहन केलं. निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने ते निघाले. कोटणीस तेव्हा अजून २८ पूर्ण झाले नव्हते. म्हणजे आपल्या भाषेत, शिकून नुकताच बाहेर पडलेला मुलगा.

अटलांना युद्धाच्या कामाचा अनुभव होता, ते स्पेनमध्ये काम करून आले होते. कोटणीसांना तो नव्हता. चिनी भाषा येत नव्हती. चिनी नावं घेताना पाचही जणांनी नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडलं. पुढे कोटणीसांनी भाषा शिकायला घेतली, नुसती बोलायची नव्हे, लिहायचीसुद्धा. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानआनला पोचलं, आणि त्याच वर्षी कोटणीस उत्तर चीनमधल्या वुताई डोंगराच्या भागात आघाडीवर गेले. औषधं अपुरी, इस्पितळ म्हणजे खेड्यातली घरं. १९४० च्या एका लढाईत त्यांनी झोप न घेता ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ते तिथल्या बेथ्यून वैद्यकीय शाळेत शिकवायला लागले, चिनी मुलांना. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करता करता नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तात विष भिनून गेले होते; त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये प्रमुख झाले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेची क्रमिक पुस्तकं लिहायला घेतली. तिथल्याच परिचारिका को छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय ३२.

बघा, ७२ तास जागणं हे धैर्याचं काम आहेच. पण पाहुणा म्हणून आलेला माणूस तिथला मास्तर झाला, तो धैर्यामुळे नव्हे. आधी विद्यार्थी व्हायला तयार होता म्हणून झाला. हातात डॉक्टरकी होती तरी भाषेच्या बाबतीत पहिलीतल्या पोरासारखं बसावं लागलं, आणि तो बसला. आपण गेल्यावरही काम चालावं म्हणून दुसऱ्यांना शिकवलं. परदेशातल्या स्वयंसेवकाची खरी परीक्षा हीच असं मला वाटतं: तुम्ही निघून आल्यावर तिथे काय चालू राहतं?

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. पाचांपैकी चारजण परत आले. त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत कारण त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही. पण परत येणं म्हणजे काम अर्धवट टाकणं नव्हे. स्वयंसेवक जातो तो परत यायच्या हिशेबानेच, आणि ज्याला हुतात्मा व्हायची हौस आहे त्याला मी तरी शिफारस देणार नाही.

जाणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी

आता थोडं व्यवहाराचं, कारण फॉर्म घेऊन येणारे हे विचारत नाहीत आणि आईवडील नेमकं हेच विचारतात.

पहिलं, पैसे. चांगल्या संस्थेत तुम्हाला पगार नसतो, पण भत्ता, विमा आणि प्रवास यांचं काय ते लेखी असतं. उलट कुणी 'परदेशात सेवेची संधी' म्हणून तुमच्याकडूनच लाखभर रुपये मागत असेल तर ती सहल समजा.

दुसरं, शैक्षणिक कर्ज. बहुतेक योजनांत कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. म्हणजे ते वर्ष तुम्ही सेवेत घालवलंत तर परत आल्याबरोबर हप्ता दारात उभा. जाण्याआधी बँकेत जाऊन स्वतः विचारा, घरी कागदावर हिशेब मांडून दाखवा.

तिसरं, व्हिसा आणि लस. टूरिस्ट व्हिसावर जाऊन काम करणं, मग ते फुकट का असेना, अनेक देशांत गुन्हा आहे. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि टोचून घेतल्यावर दहा दिवसांनी तिचा दाखला ग्राह्य धरतात. आदल्या आठवड्यात धावाधाव करू नका.

चौथं, हाताला येणारं काम. लेव्हल लावता येते का? पाइपचा जॉइंट स्वतः केलाय का? पाण्यातलं क्लोरीन तपासता येतं का? जर्नल कॉपी करून पास झालेल्यांनी आत्ताच लॅब असिस्टंट काकांना गाठावं. तिथे जर्नल दाखवायला कुणी नसतं, नळ उघडला की पाणी आलं पाहिजे.

आणि पाचवं, जाण्याआधी एक महिना इथेच कुठेतरी काम करून बघा. आपल्याच जिल्ह्यात शहापूर, मुरबाडला पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मे महिन्यात टँकर, असे पाडे आहेत. मुंबईला पाणी पुरवणारी धरणं शहापुरात, आणि तिथल्याच बायका डोक्यावर हंडा घेऊन चालतात. तिथे महिनाभर ऐकून घेता आलं नाही, तर आफ्रिकेत ऐकता येईल असं समजू नका.

पत्राचं काय झालं?

सोलापूरकराला मी ही पाचवी अट घातली. मे महिन्यात तो मुरबाडच्या एका पाड्यावर वीस दिवस राहून आला. काळा पडला होता, आणि आल्यावर कमी बोलत होता, ते मला बरं लक्षण वाटलं. विहिरीचं डिझाइन वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाला, "सर, पहिले आठ दिवस मी नुसताच बोलत होतो. नंतर गप बसलो तर समजायला लागलं."

मी त्याच रात्री पत्र लिहिलं. त्यात त्याचे मार्क लिहिले, सर्व्हेचा कॅम्प त्याने कसा केला ते लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की हा मुलगा चूक कबूल करतो आणि विचारायला लाजत नाही.

वडिलांशी बोलणं जास्त अवघड होतं. कोटणीस चीनला पोचले आणि काही महिन्यांतच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत, पुढे गेले. पुस्तकात हे वाचताना छाती फुगते. पण फोनवर एका बापाशी बोलताना ही गोष्ट तोंडातून निघेना, आणि मी ती सांगितलीही नाही. मी फक्त कर्जाचा हिशेब सांगितला, संस्थेचा विमा सांगितला, आणि त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, "काका, तुम्ही विचारलं होतं, कमवायचं का परत शिकायचं. तो शिकायलाच चाललाय. शिकलेला माणूस कमवेल."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "बघतो."

महिन्याभराने ते सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरले, मुलाला ट्रेनिंगला पोचवायला. मी स्टेशनवर गेलो होतो. हातातल्या पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. मला नमस्कार करून पहिला प्रश्न काय विचारला असेल? "सर, तिकडं भाकरी मिळंल का हो?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मुलगाच म्हणाला, "अण्णा, तिकडं काय मिळतं ते बघतो, आणि तेच खायला शिकतो."

मित्रांनो, हे वाचून कुणाला फॉर्म भरावासा वाटला तर रेक्टर रूमचं दार उघडं आहे. पत्र मी देईन, पण आधी मुरबाड! आणि मेसच्या भाजीची तक्रार असेल तर ती रजिस्टरमध्येच लिहावी ही नम्र विनंती.